पाण्याचा वार

विडी घरकुलात तिसऱ्या गल्लीतलं दार
मी यायच्या दिवशी उघडंच असतं.
चप्पल काढते, पिशवीतून वजनकाटा, तक्ता, पेन.
डबा फळीवर, शेंगाचटणीच्या बरणीशेजारी.
डब्यावर नाव नाही, नुसता क्रमांक.
आत माशाचं तेल असेल, हळदीचा अर्क असेल,
नाहीतर काहीच न करणारं साधं तेल.
मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नाही.
उत्तर पुण्यात एका कपाटात, पाकिटात बंद.
अठरा महिने सगळ्यांनी आंधळं राहायचं
असा करार आहे, अंगठ्यासकट.

लक्ष्मीनरसू चिलवेरी, वय त्र्याहत्तर.
चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं ठोकली.
कुठं भोक पाडलं की मोराचा तुरा
चादरीच्या नेमक्या कोपऱ्यात उतरतो,
हे कागदावर न बघता सांगायचे म्हणे.
आता शर्टाची बटणं एक घर सोडून लागतात,
गळ्याशी एक काज उरतं, रिकामं.

"आजोबा, आज वार कोणता?"
ते बाहेर बघतात. घागरी, पिंप, निळा पाईप,
कडेला बसलेल्या बायका.
"पाण्याचा."
तक्त्यात सोमवार ते रविवार.
पाण्याला चौकट नाही.
पाचवा दिवस होता आज;
गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी
हेच उत्तर आलं असतं.
मी शून्य लिहिलं.
पेन थोडा वेळ तिथंच टेकून राहिलं.

"सफरचंद, टेबल, पैसा. लक्षात ठेवा, परत विचारीन."
पाच मिनिटांनी:
"पैसा," ते म्हणाले. "तो यायचाय अजून.
शेटकडं. दिवाळीचा."
एक गुण.

मग मोजणी.
भूदेवीअम्मानं सुपात ओतल्या कॅप्सूल.
याच सुपात तंबाखू असायची,
हजार विड्या दिवसाला, पंचवीसचा एक कट्टा.
तिची बोटं माझ्या डोळ्यांपुढं धावली:
एक कट्टा, वर पाच.
तीस.
नव्वद दिल्या. महिना झाला. साठ उरायला हव्यात.

"सांडल्या का?"
"नाय."
"आजोबांनी दोन-दोन घेतल्या?"
तिनं पदरानं सुपाची कड पुसली, उगाच.
"एक ह्यांना, एक मला.
मी बी इसरले तर
ह्यांचं नाव ह्यांना कोण सांगणार, अम्मा?"

वहीत कारणासाठी चार चौकटी आहेत:
विसरले, सांडल्या, त्रास झाला, इतर.
'इतर'पुढं दोन बोटं जागा.

माझ्या पर्समध्ये पण एक पट्टी आहे.
आठशे चाळीस रुपये, मेडिकलवाल्याच्या शब्दावर,
खोक्यावर मेंदूचं चित्र, त्यातून निघणारे किरण.
रात्री आईला देते, दुधाबरोबर.
परवा तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली
आणि मी ओ दिली.
त्या पट्टीला करार नाही, पाकीट नाही,
शिल्लक तपासायला कुणी येत नाही घरी.
अभ्यासात काय निघेल, विचारते मी डॉक्टरांना.
ते म्हणतात, बहुधा थोडंसं. किंवा काही नाही.
काही नाही हेही उत्तरच असतं, म्हणतात.
तरी पट्टी संपली की मी दुसरी आणते.

"परत मोजूया," मी म्हटलं, "नीट."
सात झाल्या, आठ झाल्या,
तेवढ्यात लक्ष्मीनरसू ताठ बसले.
नळातून आधी नुसती हवा येते, फुसफुस,
ती गल्लीत कुणालाच ऐकू गेली नव्हती.
"नीळ्ळु वच्चिनय!"
असे ओरडले की समोरच्या बायका उठल्या,
आणि मग खरंच आलं.

भूदेवीअम्मा सूप माझ्या मांडीवर टाकून पळाली.
तिच्यामागं ते, चुकीच्या बटणांत,
हातात बरोबर घागर.

मी उंबऱ्याशी एकटी.
आकडा कुठवर आला होता,
आठ की नऊ,
आठवेना.
पुन्हा एकपासून.